अकरावा खडा

"अकरा," तिमाण्णा म्हणाला आणि ओंजळीतले खडे त्याने माझ्या उजव्या हातात ओतले. "मोजून घे, मास्तर. तोंडानं मोज, मला ऐकू येऊ दे."

मी मोजले. ओढ्याच्या कोरड्या पात्रातले, बोराएवढे, गुळगुळीत खडे. अकरा. खाली पंचेचाळीस फुटांवर, विहिरीच्या तळाच्या काळ्या खडकात अकरा होल सुरुंगाच्या दारूने भरून तयार होते. प्रत्येकातून एकेक वात बाहेर आली होती आणि प्रत्येक वात शेजारच्या वातीपेक्षा चार बोटे लांब कापलेली होती, म्हणजे बार एकामागून एक उडतील, एकमेकांत मिसळणार नाहीत. एक बार झाला की मी एक खडा टाकायचा. शेवटी हात रिकामा झाला तर विहीर मोकळी. एक खडा जरी हातात उरला, तर दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत खाली कुणी पाय टाकायचा नाही. तिमाण्णा धोत्रेच्या बापाने घालून दिलेली रीत होती ती. लिहिणे-वाचणे न येणाऱ्या माणसांनी मृत्यूशी केलेला तो साधा करार होता, आणि त्यावर सही म्हणून एक उघडा तळहात असे.

"मशीन बंद करा, मालक," तिमाण्णाने मान न वळवता सांगितले.

मालक म्हणजे माझे दाजी, सयाजीराव कणसे. माझ्या थोरल्या बहिणीचे, इंदूअक्काचे, यजमान. एम. ए. होऊन मी दोन वर्षे घरी बसलो होतो, उशाशी कवितासंग्रह घेऊन दुपारी झोपत होतो. अक्काच्या शब्दाखातर दाजींनी मला कामावर घेतले. काम एवढेच, की कॉम्प्रेसरपाशी उभे राहायचे. खालच्या माणसाने लोखंडी जोडावर हातोडीचा एक ठोका दिला की ड्रिलच्या हवेची चावी उघडायची, दोन ठोके दिले की बंद करायची. आणि बार मोजायचे. तिमाण्णाच्या टोळीत मोजणारा पूर्वी त्याचा भाऊ होता. तो गावाकडे गेला आणि खडे माझ्याकडे आले. त्याला तीन आठवडे झाले होते.

दाजी ट्रकच्या पायरीवर उभे होते. ट्रक लढाईच्या काळातला, लष्कराच्या लिलावातून आणलेला. त्याच्या पाठीवर तितकाच जुना कॉम्प्रेसर बसवलेला होता. समोरचा एक दिवा फुटलेला, बॉनेट कधीच गेलेले, हिरव्या रंगाखालून दुसरा, त्याहून जुना हिरवा रंग वर आलेला. माणदेशातल्या ज्या वाडीवर तो जाई तिथे लोक त्याला हत्तीण म्हणत. चालू असली की ती सबंध देहाने थरथरे आणि तिच्या पोटातली घरघर जमिनीतून आपल्या टाचांत चढे. हवेच्या टाकीवर पितळेची एक सेफ्टी होती. टाकीत दाब फार वाढला की तिचे झाकण उचलून जास्तीची हवा बाहेर जाई. नवी असताना ती नुसती सुस्कारत असेल. म्हातारपणी मात्र तिची स्प्रिंग अडकून राही आणि मग एकाएकी सुटे. धप्प असा जाड, आंधळा आवाज होई आणि जवळच्या माणसाच्या अंगावर गरम वारा येई.

"बंद करायची न्हाई," दाजी म्हणाले. "तापलीया. आत्ता बंद केली की तीन तास उठायची न्हाई. तुला काय नवीन हाय व्हय ते?"

"बार मोजायचं हायत."

"मग मोजा की. तुमचं कान कुणी धरल्यात?"

"हत्तीण घुरघुरत आसली की कानात दुसरं काय शिरत न्हाई, मालक. आजवर कवा चालू ठेवून बार काढला न्हाई आपण."

"आजवर कवा उद्या सकाळी सातला पलीकडच्या वाडीवर जायाचं नव्हतं. शब्द दिलाय मी. बार उडवा, मोठं धोंडं असतील ती आजच फोडा, मलबा गावकरी काढतील. हत्तीण संध्याकाळी इथनं निघणार."

मलबा ओढायच्या यारीपाशी तिमाण्णाची बायको नागव्वा बसली होती. दोराला पडलेला पीळ सोडवता सोडवता ती म्हणाली, "शब्द तुमी देता, मालक, आन् पाय आमचं जात्यात खाली."

दाजी हसले. ते वाईट मनुष्य नव्हते. चिडलेल्या माणसालाही हसू येईल असे त्यांचे बोलणे असे, आणि हसत हसत ते आपले तेच खरे करीत. तिमाण्णा मात्र हसला नाही. वैशाखाची दुपार होती. माळावर एकही झाड आपल्या सावलीपलीकडे काही देत नव्हते. ते दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले आणि मध्ये हत्तीण घरघरत राहिली.

त्या वेळी मी बोललो. मला कुणी विचारले नव्हते.

"मी मोजीन," मी म्हणालो. "मशीन चालू असली तरी. मला ऐकू येईल."

"ऐका!" दाजींनी टाळी वाजवली. "कवी म्हणतोय."

"खरंच येईल," मी म्हणालो. ओळीतली एक मात्रा ढळली तरी झोपेतून जाग यावी असा माझा कान होता, निदान मी तसे समजत होतो. माझ्यापाशी दुसरे काहीच नव्हते. त्या कानाचा कुणाला कधी उपयोग झाला नव्हता. तो व्हावा, असे मला त्या क्षणी फार वाटले.

तिमाण्णाने माझ्या खड्यांच्या मुठीकडे पाहिले.

"मोजणारा तू," तो म्हणाला. "शब्द तुझा."

आणि तो वाती पेटवायला दोराच्या शिडीवरून खाली उतरला.

मी ट्रकच्या आडोशाला, टाकीला पाठ लावून उभा राहिलो. हवेची चावी बंद होती. बार उडताना ती बंदच ठेवायची असे. नागव्वा आणि दाजी बांधापलीकडे गेले. तिमाण्णा विहिरीतून वर आला, न धावता, पण एकही पाऊल वाया न घालवता चालत आला आणि एका धोंड्याआड बसला. हत्तीण तेवढी बोलत होती.

बार आधी पायांत येतो, कानात नंतर. पहिला तसाच आला. मी एक खडा टाकला. दुसरा, तिसरा. विहिरीच्या तोंडातून धूळ आणि दगडांची एक फांदी वर उठून मोडून पडली. चौथ्याला थोडा वेळ लागला. पाचवा आणि सहावा जवळजवळ आले, पण दोन होते, मी ते वेगळे केले आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. सातवा. आठवा खडा टाकताना मानेवर, सदऱ्याच्या कॉलरखाली, काहीतरी गरम फिरून गेले. ऊन असेल. नववा. दहावा. मग एक लांब विराम, आणि दूर खोलात कुणी दार लोटावे तसा शेवटचा. माझा हात रिकामा झाला.

तिमाण्णा धोंड्याआडून उठून आला.

"हात दाखव, मास्तर."

मी उजवा दाखवला. मग त्याने डावाही मागितला. तोही दाखवला. त्याने माझ्या तळव्यावर हलकेच फुंकर मारली, धूळ उडवली, जणू धुळीखाली एखादा लपून राहिला असेल.

"अकरा?"

"अकरा."

त्याने मान हलवली. विहिरीतला धूर निघून जाईपर्यंत थांबायचे असते. नागव्वाने तीन दगडांच्या चुलीवर चहा टाकला, जर्मलच्या वाट्यांतून आम्हाला दिला. दाजी विहिरीच्या काठावर जाऊन धुरातून वाकून पाहून आले. मधोमध एक भला मोठा धोंडा सुटून उभा राहिला आहे, तो आधी होल मारून फोडावा लागेल, म्हणाले. तिमाण्णा ड्रिलची दांडी पुसत बसला. सगळे ठीक होते. पण कानामागे कुठेतरी काहीतरी खुपत होते. वाचलेल्या ओळीत एक अक्षर जास्तीचे असावे आणि ते कोणते हे सापडू नये, तसे.

धप्प.

हत्तिणीची सेफ्टी सुटली. चावी बंद, इंजिन चालू. टाकीत दाब साचत गेला होता. मानेवर गरम वारा आला. आणि माझा उजवा हात, मी काही ठरवण्याआधी, आपोआप उघडला. नसलेला खडा टाकण्यासाठी.

नागव्वा समोर बसली होती. तिने ते पाहिले.

"काय टाकलंस, मास्तर?" तिने विचारले.

मी वाटी खाली ठेवली.

"तिमाण्णा," मी म्हणालो, "आठवा... आठवा बार नव्हता बहुतेक."

तो दांडी पुसायचा थांबला. "बहुतेक?"

"सेफ्टी होती ती. आत्ता सुटली तशी. तेव्हाही मानेवर वारा आला होता. तेव्हाच कळायला हवं होतं."

त्याने शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता, तर मला बरे वाटले असते. तो नुसता उठला. मी टाकलेल्या खड्यांतला एक त्याने शोधून उचलला, माझ्या डाव्या हातात ठेवला आणि माझी बोटे आपल्या राठ बोटांनी एकेक करून मिटवली.

"धर," तो म्हणाला. "आज विहीर बंद." मग बाभळीची एक फांदी तोडून त्याने ती शिडीच्या तोंडाशी आडवी टाकली. पुन्हा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "बोललास ते बरं केलंस. मी आता उतरणार हुतो."

दाजी आले तेव्हा ती फांदी त्यांना प्रथम दिसली.

"हे काय?"

"एक बार आत हाय, मालक," तिमाण्णा म्हणाला. "उद्या दुपारपातूर कुणी जायाचं न्हाई."

"कोण म्हणतं?"

"मोजणारा."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले. सेफ्टीचे सांगितले, वाऱ्याचे सांगितले. सांगताना माझे शब्द मलाच पुस्तकी वाटत होते.

"मानंवर वारा आला," दाजी म्हणाले. "वा! कवीच्या मानंवर वारा आला, म्हणून हत्तीण उद्या इथंच ऱ्हाणार. अरे, मी सोता ह्या कानांनी अकरा ऐकलं!"

"तुमी कुठं मोजत हुता?" नागव्वा म्हणाली. "तुमी बांधाआड बिडी वढत हुता."

"बिडी तोंडानं वढत्यात, नागव्वा. कान मोकळं असत्यात." ते वळले. "तिमाण्णा, उतर."

"न्हाई."

"धोंडा फोडायचाय नुसता. वरच्या वर एक होल. तळाला हात सुदीक लावायचा न्हाई."

"धोंड्याखाली काय हाय ते धोंड्याला ठावं. मी न्हाई उतरायचा. तुमी दुसरी टोळी बघा."

पंधरा वर्षांत तिमाण्णाने त्यांना नाही म्हटले नव्हते. दाजींचा चेहरा एकदम तरुण दिसू लागला. वर्गात उभे केलेल्या मुलाचा असतो तसा.

"मग मी उतरतो," ते म्हणाले. "दहा वर्सं ड्रिल धरलंय मी ह्या हातांनी. मालक झालो म्हणून ईसरलो न्हाई." त्यांनी फांदी पायाने बाजूला सारली, सदरा काढून ट्रकच्या आरशाला अडकवला. शिडीवर एक पाय टाकून ते माझ्याकडे वळले आणि हसले. तेच ते हसणे.

"ए कवी, एक ठोका दिला की हवा. काय? आज घरी गेल्यावर तुझ्या अक्काला सांगतो, तुझ्या भावानं पहिल्यांदा मानसावानी काम केलं म्हणून."

ते खाली दिसेनासे झाले. नागव्वाच्या हातून दोर सुटला होता. तिमाण्णा माझ्याजवळ आला.

"मास्तर, नीट ऐक. चावी उघडू नको. हवाच न्हाई मिळाली तर ड्रिल म्हंजे नुसतं लोखंड हाय. शिव्या देत वर येत्याल. दोन शिव्या खा. काय बिघडत न्हाई."

"हो," मी म्हणालो.

"उघडू नको."

"नाही उघडत."

तो विहिरीच्या काठाशी जाऊन पालथा पडला आणि खाली तोंड करून हाका मारू लागला. "मालक, वर या! लेकराची आण हाय तुमाला, वर या!" अक्काचा मुलगा तेव्हा वर्षाचा होता.

मी टाकीपाशी उभा होतो. उजवा हात पितळी चावीवर, डाव्या मुठीत तो खडा. चावी उन्हाने चटकत होती. विहिरीतून दगडांवर दगड सरकल्याचा आवाज आला, मग ड्रिलचे टोक धोंड्यावर टेकल्याचा.

एक ठोका.

मी हललो नाही.

पुन्हा एक ठोका. मग विहिरीने आवाज मोठा करून दिला. "हवा!" आणि एक शिवी. तिमाण्णाने सांगितले होते तशीच, पहिली. मी ती खाल्ली. पुढे दुसरी. तीही खाल्ली. तिमाण्णाने मान वळवून मला खूण केली: असाच राहा. सगळे त्याने सांगितले तसे घडत होते. आता दाजी चिडून वर येणार होते.

पण खालून आवाज आला तो निराळाच होता. चढा नव्हता. त्या खोलातून तो एखाद्या घरातल्या खोलीतून यावा तसा आला.

"मुकुंदा," दाजींनी हाक मारली. कामावर आल्यापासून त्यांनी माझे नाव घेतले नव्हते. "तू अकराच मोजलंस. मला ठावं हाय. ह्या लोकांनी तुला भिवीवलंय. तुझा कान खोटा न्हाई रं."

हत्तीण घरघरत होती. नागव्वा यारीपाशी उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्या हाताकडे.

खाली ड्रिल बोलू लागली.

तिमाण्णा झटक्याने उठून बसला. ड्रिल चालू झाली की विहिरीच्या भिंतींतून एक विशिष्ट गुणगुण वर येते, मधाच्या पोळ्यासारखी. ती मी सहा श्वास ऐकली. मग अकरावा बार झाला. आधी पायांत आला, कानात नंतर. तो इतर दहांसारखाच होता, आणि त्याच्यात आणि सेफ्टीच्या त्या धप्पमध्ये इतके अंतर होते, की कुठल्याही साध्या कानाने ते ओळखले असते.

मशीन बंद केली ती नागव्वाने. माळावर जी शांतता पसरली ती ऐकायला आम्हाला तीन तास उशीर झाला होता.

"चावी अडकली," मी म्हणालो. ओरडून म्हणालो. "चावी आपोआप उघडी पडली, बंदच होईना!"

तिमाण्णाने माझ्याकडे पाहिले, पण तो तेव्हा शिडीकडे धावत होता. आम्ही दोघे खाली उतरलो. दाजींना बाहेर काढायला हातांनी दगड उपसावे लागले. ते काम मी इथे लिहिणार नाही. वर आलो तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती.

संध्याकाळी फौजदार आले. मी तेच सांगितले. तिमाण्णाला विचारले तेव्हा तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मशीन जुनं हाय, सायेब. अडकली आसंल." नागव्वाला कुणी विचारले नाही. दुसऱ्याच दिवशी त्या दोघांनी पाल मोडून मुक्काम हलवला. जाताना ती माझ्याजवळ थांबली.

"मास्तर, अक्काला सांगशील तवा समदं सांग," ती म्हणाली. "आर्धं सांगू नको. आर्धं पुरून ऱ्हातं."

मी अर्धे सांगितले. मोजणीचे सांगितले, सेफ्टीचे सांगितले, आपण बोलून तिमाण्णाला वाचवले, दाजींना अडवले, हेही सांगितले. आणि चावी अडकली, असे सांगितले. अक्काने माझे सोललेले हात पाहिले. ते चावीशी झटताना सोलले, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली. मी ती मोडली नाही. पाच दिवसांची विधवा असलेल्या माझ्या बहिणीने माझ्या तळव्यांना हळद लावली, वर कापडाच्या पट्ट्या बांधल्या. पुढे कित्येक वर्षे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, "माझ्या भावानं हात सोलून घेतले हो, पण त्या मेलीनं दाद दिली नाही."

मेली म्हणजे हत्तीण.

अक्काने ती विकू दिली नाही. घरासमोरच्या उघड्या खळ्यात, जिथे दिवसभर ऊन आणि पावसाळाभर पाऊस, तिथे तिने ती उभी करून ठेवली. भंगारवाले आले, परत गेले. शेजाऱ्यांनी सुचवले, वर चार पत्रे टाका, निदान ताडपत्री घाला. अक्का म्हणे, "नाही. हिनं माझा माणूस खाल्ला. हिला उन्हातच उभी राहू दे." एकतीस वर्षे ती उन्हात उभी राहिली. टायर मातीत विरघळले, आसनातून एरंड उगवला, तिच्या पोटात कोंबड्यांनी अंडी घातली. मी कॉलेजात नोकरीला लागलो. मुलांना वृत्ते शिकवली, दर भाऊबीजेला अक्काकडे गेलो. ती ओवाळताना माझी पाठ नेहमी खळ्याकडे असे. मी तसा पाट मांडून घेत असे.

गेल्या वर्षी भाच्याने खळ्यात घर बांधायला काढले. जागा हवी होती. पुण्याहून अष्टपुत्रे नावाचे एक गृहस्थ आले. निवृत्त इंजिनिअर, जुनी यंत्रे गोळा करून ती पुन्हा उभी करायचा त्यांना नाद. अक्का आता अडुसष्ट वर्षांची आहे. ती ओसरीवर खुर्ची टाकून बसली. मीही होतो.

अष्टपुत्र्यांनी लहान मुलाच्या आनंदाने हत्तिणीभोवती दोन चकरा मारल्या. इंजिन गेले होते. सेफ्टी गंजून दगड झाली होती. पण टाकी शाबूत असावी, म्हणाले, आणि पाहू या म्हणून त्यांनी आपल्या गाडीवरच्या छोट्या कॉम्प्रेसरने टाकीत थोडीशी हवा भरली. मग ते थांबले.

"अरे वा. आजी, इकडे या, गंमत बघा," त्यांनी अक्काला हाक मारली. "सगळी म्हातारी गंजली, पण ही चावी बघा. पितळ आहे ना. रॉकेलचा थेंबही लावला नाही मी. बोटानं फिरते."

अक्का उठली. एकतीस वर्षांत ती हत्तिणीच्या इतक्या जवळ कधी गेली नव्हती.

"हीच का ती हवेची?" तिने विचारले.

"हीच. मशीन नुसती चालू असून उपयोग नसतो. ही कुणीतरी फिरवल्याशिवाय हवा पुढे जात नाही. आणि ह्या जातीची चावी आपोआप फिरत नाही, अडकतही नाही. त्यासाठीच तशी घडवलेली असते."

अक्काने हात पुढे केला. तर्जनी आणि अंगठा. चावी फिरली. टाकीतली हवा सुस्कारत बाहेर आली आणि खळ्यातली धूळ तिच्या पायांशी हलली. तिने ती बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली.

"इतकी हलकी?" ती म्हणाली.

तिची बोटे अजून चावीवरच होती.

"मुकुंदा, तेव्हाही इतकीच हलकी होती?"

"हो."

"मग?"

एवढाच प्रश्न. एकतीस वर्षे मी त्याचे उत्तर कागदावर, कागदाबाहेर, झोपेत लिहीत आलो होतो. त्यातले एकही वाक्य तिच्यासमोर उभे राहण्याच्या लायकीचे नव्हते.

"मी अकरा मोजले होते, अक्का," मी म्हणालो. "दाजी खालून म्हणाले, तुझा कान खोटा नाही. मला वाटलं, खरंच नसेल. अकराच झाले असतील. ते अकराच असावेत असं मला फार वाटलं. म्हणून उघडली."

मग तिने माझे हात पाहिले. एकदा उजवा, एकदा डावा, जणू त्यांवर अजून हळद आहे की काय हे पाहावे तसे. हत्तिणीकडे वळून तिने पदराचे टोक हातात घेतले आणि त्या पितळी चावीवरची धूळ पुसली. टाकीवरची थोडी पुसली. फुटक्या दिव्याच्या काचेवरून हात फिरवला. बराच वेळ ती ते करीत होती आणि अष्टपुत्रे, काही न कळून, टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते.

"घेऊन जा हो तुम्ही हिला," ती शेवटी त्यांना म्हणाली. "पण एवढं करा. हिला सावलीत ठेवा."

ती ओसरी चढून आत गेली. मागे वळली नाही. दुपारचे बारा वाजत होते, आणि मी खळ्यात उन्हात उभा होतो.